ज्वारीत मोजलेला पगार

भूगोलवाले सर नकाशातल्या देशावर पट्टी ठेवत आणि राजधानीच्या आधी तिथल्या मास्तरांचा पगार सांगत. "जर्मनी. माध्यमिकच्या मास्तरला लई चांगला पगार. राजधानी मंग सांगतो." वाटूरजवळच्या आमच्या शाळेत नववीच्या पोरांना लक्झेंबर्ग ठाऊक होतं, ते त्यामुळेच.

नुसत्या आकड्यावर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. "तिथलं घरभाडं बघा, खर्चा बघा. एका पगारात ज्वारीची किती पोती येती, तेवढंच खरं." मग जपान, ब्राझील, केनिया, सगळे देश आम्ही फळ्यावर पोत्यांत मोजायचो. शेवटी सर बजावत, "तुलना करा. हेवा करू न्हाई."

एकदा मी विचारलं, "सर, तुमची किती पोती?"

शेजारच्या पोरीनं मला कोपरानं ढोसलं. शाळा विनाअनुदानित होती. सरांना पगारच नव्हता, घर त्यांच्या बायकोच्या शिलाई मशीनवर चालायचं. हे सगळ्यांना माहीत होतं, मलाच नव्हतं. सर हसले. "माझी पेरणी चालू हाय अजून."

पुढे बी.एड. करून मी त्याच शाळेत लागले, तेव्हाही त्यांना पगार नव्हता. "अनुदान येणार, बराबर येणार," म्हणत ते तासाला जात.

अनुदान आलं. त्याच्या दोन महिने आधी सर अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्त झाले होते. पगार सुरू होणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं, त्यांचं नव्हतं. मी यादी घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली.

"नावं बराबर लिहिलीत सगळ्यांची," ते म्हणाले आणि आत वळून हाक दिली, "अगं, चहा टाक."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. चहा प्यायले आणि निघाले.

परवा वाटूर फाट्यावर सर भेटले. जालन्याच्या एमआयडीसीत, सळयांच्या कारखान्याच्या गेटवर ते आता राखणीला बसतात. माझ्या पगाराचं त्यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

"नववीचं कुठवर आलं?"

"दोन धडे राहिलेत, सर."

"जल्दी घे. पण पळवू नको, पोरं मागं राहत्यात."

कामगारांचा टेम्पो आला. मागच्या दोन बायांनी सरकून जागा केली. सर दांडीला धरून चढले, डबा मांडीवर घेऊन बसले. टेम्पो वळणाआड गेला.

माझा पहिला तास होता. मी शाळेकडे चालू लागले.