“बरं हाय” म्हणायची सवय

“जठराचा कॅन्सर आहे, आणि तो लिव्हरपर्यंत गेलाय,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. आमच्या ह्यांनी नुसती मान डोलावली, बाजारात फुलांचा भाव पडल्याचं ऐकून डोलवायचे तशी. मी मात्र खुर्चीचा दांडा धरून बसले.

नाशिकच्या वेशीवर आमची गुलाबाची शेती. पहाटे फुलं तोडायची अन् पंचवटीत नेऊन विकायची, लग्नापासून हेच. कित्येक दिवस ह्यांचं दोन घासांत पोट भरायचं, तर आम्ही पित्त म्हणून सोडून दिलं. तुमच्या घरात असं होत असेल तर पित्तावर ढकलू नका, एवढं आधीच सांगते.

शेवटी एन्डोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून नळी घालून पोटात बघतात. बायोप्सी झाली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासतात. रिपोर्टची वाट बघत मेडिकल कॉलेजच्या बाकड्यांवर इतकं बसलो की कुठला पंखा फिरतो अन् कुठला नुसता कुरकुरतो, ते मला पाठ झालं.

मॅडम तिथल्या कॅन्सर विभागाच्या प्रमुख. त्यांनी क्लिनिकल ट्रायलचं विचारलं. म्हणजे नवीन औषध पेशंटला देऊन बघतात, किती लागू पडतं, किती त्रास देतं. आधी ही ट्रायल मुंबईतच होती. मॅडमनी मागे लागून ती नाशिकला आणली होती, अन् आता चांदवड, एकलहऱ्याकडचेही पेशंट त्या घेणार होत्या.

माझा भाऊ म्हणाला, उंदरावानी वापरतील. मला असा राग आला! दुसरं काय होतं आमच्या हातात? मॅडमनी तर साफ सांगितलं होतं, “काका, बरे व्हालच असं मी म्हणणार नाही. थोडे दिवस वाढतील, एवढी आशा आहे.” ह्यांनी सही केली.

सलाईनमधून औषध सुरू झालं अन् जेवण जायला लागलं. एकदा तर चक्क शेवेची भाजी मागितली. मी देवापुढे साखर ठेवली.

दर खेपेला मॅडम विचारायच्या, काका, कसं वाटतंय? अन् हे म्हणायचे, बरं हाय. आमच्यात असंच आहे. कोणी विचारलं की बरंच म्हणायचं. त्यातून डॉक्टर एवढं करतायत, त्यांच्यापुढं रडगाणं काय गायचं?

मग एका सकाळी टोपलीतल्या पांढऱ्या गुलाबांवर मला रक्त दिसलं. ह्यांची बोटं काट्यांनी फुटली होती अन् ह्यांना पत्ताच नव्हता. शर्टाचं बटण लावायला मला हाक मारायचे, ते मी बाई लाड समजत होते.

“दवाखान्यात बोलू नको,” हे म्हणाले. “नाव काढतील.”

ट्रायलमधून नाव गेलं की सगळं संपलं, असं त्यांना वाटत होतं. मलाही तेच वाटत होतं. पण ती बोटं बघवत नव्हती.

पुढच्या खेपेलाही हे “बरं हाय”च म्हणाले. मला राहवलं नाही. मी त्यांचा हात धरला अन् मॅडमपुढे टेबलावर उताणा ठेवला.

मॅडम बोटं दाबून बघत राहिल्या. म्हणाल्या, ह्याला न्यूरोपथी म्हणतात, औषधानं नसा बधिर होतात. मग ह्यांच्याकडे वळल्या.

“काका, तुम्ही बरं म्हणालात की आम्ही ते खरं धरतो. मग तुमच्या मागून येणाऱ्यालाही हाच डोस जातो.”

“मागून कोण येतंय?”

“चांदवडकडचे एक शेतकरी आहेत.”

ह्यांनी दुसरा हातही टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “लिवा मग. बोटं लय बधिर हायेत. चप्पल पायातून निघून जाती, ते बी कळत नाय.”

नाव काही काढलं नाही, डोस कमी केला. पण पुढच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या निघाल्या, अन् औषध थांबलंच. डोस कमी केला म्हणून वाढल्या का, असं मी मॅडमना विचारलं. खात्रीनं सांगता येत नाही, म्हणाल्या. खरं तेच बोलल्या, पण मला तेव्हा खोटा दिलासा हवा होता. तो हात टेबलावर मी ठेवला, हे अजून मनातून जात नाही.

शेवंतीच्या दिवसांत हे गेले.

काही दिवसांनी मी मॅडमना फुलं द्यायला गेले. दार उघडंच होतं. आत एक माणूस बसला होता, हाताला सलाईनची पट्टी. मॅडमनी त्याला कसं वाटतंय, असं विचारलंच नाही. म्हणाल्या, “दादा, शर्टाचं वरचं बटण काढून परत लावा.” बाहेरची सिस्टर मला हळूच म्हणाली, चांदवडचे आहेत, कमी डोसवर. काकांचं झाल्यापासून मॅडम सगळ्यांना आधी बटणच लावायला सांगतात.

त्यानं बटण काढलं अन् लावलं. सहज लागलं. मी बाकड्यावर बसून पदर तोंडाला लावला.

तो गेल्यावर मॅडमनी मला आत बोलावलं. “काकू, कशा आहात?”

बरं आहे, असं अगदी ओठावर आलं होतं.

“बरं नाही मॅडम,” मी म्हटलं.