हिरवा गाऊन

अतिदक्षता विभागाच्या दाराशी खुंटीला एक हिरवा गाऊन असतो. आत एका वेळी एकाच नातेवाइकाने जायचं. बाहेर आलेला माणूस गाऊन काढून पुढच्याच्या अंगावर चढवतो आणि पाठीमागच्या नाड्याही बांधून देतो. माझ्या नाड्या मी चालताना हातानेच धरते.

आत आमच्या ह्यांचं रक्त एका नळीतून बाहेर येतं, मनगटाएवढ्या जाड नळकांड्यातून जातं आणि दुसऱ्या नळीने परत ह्यांच्याच अंगात शिरतं.

"जंतू औषधाने मेलेत, काकू," डॉक्टर म्हणाले, "पण त्यांचं विष रक्तात राहिलंय. ते या नळकांड्यात अडकतं. बघू या, किती उतरतंय."

डोळ्यांना न दिसणारे जंतू, पण मेल्यावरही त्यांचं एवढं मागे उरतं. आम्हा दोघांना मूल ना बाळ, आमचं काय उरणार, असं मनात आलं आणि माझं मलाच हसू आलं. हेवा करायचा तर कुणाचा! समोर रक्त मुकाट्याने जात होतं, परत येत होतं. त्यालाही दुसरं घर नव्हतं.

बाहेर येऊन मी गाऊन खुंटीला लावला.

"आता तुमच्यातलं कोण जाणार?" दारावरच्या मावशींनी विचारलं.

"मीच," म्हणून मी तोच गाऊन पुन्हा चढवला.

मावशी उठल्या. मागे येऊन त्यांनी माझ्या नाड्या बांधल्या.