खालच्या चार ओळी

माझी ताई होजिअरीच्या कारखान्यात बनियनचे गळे शिवायची आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉल खेळायची. आमच्या भागात बायकांची पहिली मॅच झाली, तेव्हा मी तिथल्याच पेपरात पानं लावत होतो. त्या मॅचमधला एकुलता एक गोल ताईचा.

बातमी हातात आली आणि माझं डोकंच फिरलं. कोणाची चड्डी किती आखूड, कोणी वेणी कशी वर बांधली, शिट्ट्या कोण मारत होतं, सगळं हेच! मेल्या बातमीदाराला खेळ दिसलाच नव्हता. पुढचं वाचायचं जिवावर आलं.

तेवढ्यात चपलांची जाहिरात येऊन टपकली. जागा कमी पडली की बातमी खालून कापायची, हा आमचा शिरस्ता. महत्त्वाचं ते वर असतं असं धरून चाललेलं. खालच्या चार ओळी काढल्या आणि पान छपाईला सोडलं. मूळ कागद रद्दीत गेला.

दुसऱ्या दिवशी बातमीदार ऐटीत म्हणाला, तुझ्या ताईचा गोल शेवटी झकास रंगवलाय. म्हणजे मी कापलेल्या त्या चार ओळींतच तो होता.

त्याच महिन्यात पोस्टात खेळाडूसाठी एक जागा निघाली. नाव छापलेलं कात्रण हवं होतं. छापलेल्यात ताईचं नाव नव्हतं, तरी ती कात्रण घेऊन गेली, निदान मॅच झाली एवढं तरी दिसेल म्हणून. साहेबांनी ते उलटंपालटं करून परत दिलं. त्या संध्याकाळी मी तिला सगळं सांगून टाकलं.

"काय लिहिलं होतं त्यात?" तिनं विचारलं.

"वाचलं नाही."

तिनं मान हलवली आणि पानं वाढायला घेतली. रागावली असती तर बरं झालं असतं. पुढे एकतीस वर्षं तिनं गळेच शिवले. त्या पोस्टासमोरूनच रोज जायची. फुटबॉलचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि मीही काढू दिलं नाही कुणाला.

गेल्या आठवड्यात त्याच पेपरातली एक मुलगी घरी आली. बायकांच्या जुन्या फुटबॉलवर तिला पानभर लिहायचं होतं. पहिल्या मॅचमध्ये गोल कुणी मारला, तिनं विचारलं. ताई चहा गाळत राहिली. शेवटी मीच म्हणालो, "हिनं."

मुलगी खूश झाली. वहीत लिहिता लिहिता थांबली.

"एखादं कात्रण असेल ना?"

ताईनं चहाचा कप तिच्यापुढे सरकवला आणि साखर पुरे आहे का विचारलं.