काकांनी चहा करायला नकार दिला तो रविवार

अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावच्या मराठी वाचनमंडळाचा नियम साधा आहे. आधी पुस्तक वाचायचं, मग त्यावरून काढलेला सिनेमा कुणाच्या तरी घरी एकत्र बघायचा आणि मग मनसोक्त भांडायचं. पुस्तक न वाचता आलेल्याने सगळ्यांचा चहा करायचा. मंडळातले सर्वांत ज्येष्ठ काका, निवृत्त डॉक्टर, वर्षानुवर्षं हा चहा करत आले. वाचायच्या त्या काकू. पुढे डोळे अधू होऊन काकांना छापील ओळ दिसेनाशी झाली, तेव्हा काकू दुपारी जेवणं झाली की वाचलेलं इंग्रजी प्रकरण त्यांना मराठीतून रंगवून सांगायला लागल्या. काका तरीही चहाच करायचे. म्हणायचे, “आलं किसायला डोळे कशाला लागतात?”

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. त्यांच्या उशाशी माझ्याकडून वाचायला नेलेली एक कादंबरी होती, हलकीफुलकी प्रेमकथा. सामान आवरताना त्यांच्या मुलाने ती मला परत दिली. निम्म्यावर खुणेला औषधांच्या दुकानाची पावती होती. सांता क्लाराला आपल्या घरी परत निघताना तो म्हणाला, “ताई, तुम्ही जवळ राहता. बाबा जरा जरी कन्फ्यूज वाटले ना, तर मला ऑनेस्टली सांगा. माझ्या घराजवळ एक चांगलं सीनियर होम बघून ठेवलंय, लगेच मूव्ह करतो त्यांना.” मी हो म्हटलं. मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची नोकरी करते, त्यामुळे संशय घेणं माझ्या हाडीमासी खिळलं आहे. त्याने योग्य माणूस नेमला होता.

नोव्हेंबरात त्याच कादंबरीवरचा सिनेमा बघायचं ठरलं, तेही काकांकडे, त्यांच्याच आग्रहाने. भर दुपारी बाहेर दिवेलागण झाल्यासारखं अंधारून आलं होतं. मी सवयीने म्हटलं, “काका, चहा?”

“आज दुसरं कुणीतरी करा,” काका खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले. “मी वाचलंय. म्हणजे ऐकलंय. ही सांगते ना दुपारी.”

कुणीतरी मुकाट्याने उठून आधण ठेवलं.

गोष्ट अशी: एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहणारे दोघं शेजारी भिंत ठोकून भांडतात आणि भांडता भांडता प्रेमात पडतात. सिनेमात ठोकणं काढून टाकलेलं. तिथे ते फोनवर मेसेज करतात. पडद्यावर पहिला मेसेज टिंग करून वाजला आणि काका वैतागले. “फोन कुठून आणला यांनी? ती भिंत वाजवते.” इथवर ठीक होतं. एवढं काकूंनी सांगितलेलं असणार. शेवटी विमानतळावर भर पावसात चुंबन झालं, नावं वर सरकायला लागली, आणि काका म्हणाले, “संपवला? अजून ती दोघं म्हातारी व्हायचीत. ती बहिणीकडे जाते, हा एकटा भिंत वाजवत बसतो, पलीकडे आता भाडेकरूसुद्धा नाही. तो सगळा भाग खाल्ला यांनी.”

तो भाग खरंच पुस्तकात आहे. पण पावतीच्या कितीतरी पुढे. काकू तिथपर्यंत पोचल्याच नव्हत्या.

काकांनी ऑडिओबुक ऐकलं असेल, असं म्हणून मंडळींनी निभावून नेलं. मला ते पचेना. काकांचा फोन मोठ्या बटणांचा, साधा. मंडळातल्या एकेकाला विचारलं, त्यांना गोष्ट कुणीच सांगितली नव्हती. घरकामाला येणारी बाई म्हणाली, दुपारी ते दार लावून घेतात, आत काही वाजत नाही. आणि पुस्तक तर माझ्याच कपाटात होतं.

शेवटी गुरुवारी दुपारी मी डबा घेऊन गेले आणि सरळ विचारलं. काकांनी लपवलं नाही. “ही गेली हे मला कळतं गं. मीच डॉक्टर आहे. पण जेवण झालं की ती त्या खुर्चीत बसते आणि पुढचं सांगते. तू पोराला सांगितलंस तर तो मला घेऊन जाईल. मग ही इथे येऊन बसेल, आणि मी नसेन.”

मला एकदम रडू आलं. आणि भीतीही वाटली, खोटं का बोलू? ती खुर्ची माझ्या पाठीमागे होती. मी वळून पाहिलं नाही.

काका हळूच म्हणाले, “सोमवारी शेवटचं प्रकरण झालं. तेव्हापासून ती नुसती बसते. सांगायला काही उरलं नाही बघ. कालपासून तर लवकर उठून जाते. दुसरं काही आहे का तुझ्याकडे? जाड असेल तर बरं.”

त्याच संध्याकाळी मुलाचा फोन आला. “कसे आहेत बाबा? बी ऑनेस्ट हं, ताई.” मी म्हटलं, जेवण व्यवस्थित आहे, औषधं वेळेवर घेतात, बोलणं अगदी सुसंगत आहे. यातला एकही शब्द खोटा नव्हता. खुर्चीचं मात्र मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले आणि प्रेमकथांतली सर्वांत जाड कादंबरी उचलली. पाठीवरचा मजकूरही वाचला नाही. काकांकडे जाऊन ती त्या खुर्चीशेजारच्या तिपाईवर ठेवली आणि निघाले. आता दर गुरुवारी काका मला तिची गोष्ट सांगतात. नायिका बेकरी चालवते, नायकाला मैद्याची ॲलर्जी आहे, आणि ही म्हणते लेखिकेने मधे उगाच पाणी घातलंय. मी हसते, विचारते, मग पुढे काय झालं. यावरही सिनेमा येतोय असं मंडळात कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी वाचायला घेतली. मी वाचली नाही. सिनेमा बघू त्या रविवारी सगळ्यांचा चहा मी करणार आहे.