खुणेचा रकाना

रत्नागिरीच्या आमच्या आमरसाच्या कारखान्यात एसी एकाच खोलीत होता आणि त्या खोलीत मी बसायचे. एसी सर्व्हरसाठी होता, माझ्यासाठी नव्हे. पण मे महिन्यात बाहेर सगळे घामाने निथळत असताना मी खांद्यावर शाल घेऊन बसायचे आणि आत येणाऱ्याला आधी "दार लावा" म्हणायचे. काय तो तोरा! नातवंडांपुढे मी त्या पन्नाशीच्या बाईची नक्कल करते, शालीसकट.

असेच सर्व्हर खेडच्या आणि बुरोंडीच्या खरेदी केंद्रांतही होते. परदेशातल्या गिऱ्हाइकाने विचारलं, या डब्यातला आंबा कुठल्या बागेतला, की आम्ही दोन्हीकडे फोन लावायचो आणि तीन ठिकाणची तीन उत्तरं जुळवत बसायचो. खेडचं मशीन बिघडलं की इथून माणूस पोचेपर्यंत तिथली खरेदी ठप्प. बुरोंडीला तर बॅकअप घ्यायचा असतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं. हे सगळं मला दिसत होतं. तरी मालकांनी तिन्ही सर्व्हर एक करायचं ठरवल्यावर मी बोंब ठोकली की कंपनी बुडणार. बुडणार होती फक्त माझी खोली.

काम करायला पुण्याहून एक मुलगी आली. आल्या आल्या म्हणाली, "काकू, तुमचा डेटा लागेल."

"मी तुझी काकू नाही. आणि डेटा काय, उसनी साखर आहे?"

"नाही काकू, डेटा कंपनीचा आहे." हसलीसुद्धा नाही.

तेव्हाच ठरवलं, हिला रडवूनच परत पाठवायची.

संधी तिनेच दिली. माझ्या बागायतदारांच्या यादीत 'खूण' नावाचा एक रकाना होता. आमच्याकडे अख्ख्या वाडीचं आडनाव एक, आणि आजोबांची नावं नातवंडांना. त्यामुळे नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव सगळं तंतोतंत सारखं असलेली दोन माणसं निघतात. मी पुढे लिहून ठेवायचे: विहिरीकडचा, सड्यावरचा म्हणजे वरच्या कातळमाळावरचा.

"हा रकाना खेड-बुरोंडीला नाहीये," ती म्हणाली. "लागतो का?"

"छे, मी आपली चाळा म्हणून लिहायचे. काढ की."

किती गोड बोलले मी! त्या गोडव्यावर आज थुंकावंसं वाटतं.

रकाना गेला आणि दोन माणसांचा एक माणूस झाला. नवं मशीन मुख्य कचेरीत सुरू झालं, माझं बंद पडलं, पण खोलीची किल्ली मी कमरेलाच ठेवली. मग ऐन हंगामात सड्यावरच्याच्या आंब्यात बंदी असलेलं औषध सापडलं, मशीनने त्याच्या नावापुढे 'थांबवा' लिहिलं आणि फाटकावर अडकला तो विहिरीकडचा. अढीत पिकलेला आंबा टेम्पोत भरून आला होता. भर दुपारी टेम्पो उन्हात.

"मी काय बी फवारलेलं नाय," तो मॅनेजरना सांगत होता. "माजा आंबा हितं सडतोय, सायेब!"

मॅनेजर त्या मुलीला वाटेल तसं बोलत होते. ती लॅपटॉपमध्ये डोकं घालून चूक शोधत होती, चेहरा लालबुंद. आणि मी? मी शेडच्या सावलीत उभी राहून मजा बघत होते. "एकत्र करा म्हणावं अजून," असंही बोलले, तिला ऐकू जाईल अशा बेताने.

विहिरीकडच्याने ताडपत्री उचलली. खालच्या क्रेटमधून रस गळत होता. मग त्याला मी दिसले.

"ताई, तुमीच लिवून ठेवलं व्हतं ना माज्या नावापुडं, विहिरीकडचा म्हणून? मग आता मी कोन?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलगी उठली.

"काकू, तुम्हाला माहीत होतं."

"असेल. लक्षात नाही राहिलं," मी म्हटलं. थापसुद्धा धड मारता आली नाही.

"किल्ली द्या."

दिली. तिने जुन्या मशीनवरून खुणा काढून घेतल्या. सगळी नावं आता एकाच ठिकाणी होती, म्हणून दुरुस्तीही एकदाच करावी लागली. तासाभरात विहिरीकडचा आणि सड्यावरचा वेगळे झाले, आणि खेड-बुरोंडीच्या फाटकांवरही त्याच क्षणी वेगळे झाले. माझ्या लाडक्या व्यवस्थेत यालाच आठवडा गेला असता. टेम्पो आत घेतला, पण तळातले क्रेट कामातून गेले होते. ते त्याने परत टेम्पोत चढवले. मी हात लावायला गेले तर म्हणाला, "ऱ्हांवदे."

माझी बदली फाटकावरच्या नोंदणीला झाली. पुढच्या हंगामात तो आला, टेबलाशी मला बघितलं आणि मागे सरकला.

"दुसरा कोन आसल तर बोलवा," तो रखवालदाराला म्हणाला. "ह्यांच्या हातनं माजं नाव लिवायचं नाय."

मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी तो आला की मी खुर्ची सोडून उठायचे.