तिच्या वतीनं मी बोलले

माझ्या धाकट्या जावेची गर्भपिशवी चौतिसाव्या वर्षी काढली, तेव्हा डॉक्टरसमोर तिच्या वतीनं सगळं मीच बोलले होते. तिला मराठीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती आणि तो डॉक्टर तेलुगूशिवाय दुसरं काही बोलत नव्हता. मी शाळेत शिक्षिका, आमच्या घरातली पहिली नोकरीवाली. कोणाची दरखास्त लिहायची असो, मंडल ऑफिसात जायचं असो, नाहीतर आदिलाबादला दवाखान्यात, घरचे मलाच पुढं करायचे. मलाही ते मनातून आवडायचं. त्या ऑपरेशनला आता आठ वर्षं झाली. इतकी वर्षं मला त्याबद्दल काही वाटलं नाही. वाटलं ते गेल्या हिवाळ्यात, आणि तेही माझ्या स्वतःच्या अंगावर वेळ आली तेव्हा. हे लिहितानासुद्धा मला स्वतःची किळस येते.

सत्तेचाळिसावं लागलं आणि माझ्या अंगानं ताळतंत्र सोडलं. पाळी कधी वीस दिवसांत यायची, कधी अडीच महिने यायचीच नाही. आली की मग आठ-आठ दिवस जायची नाही. काळ्या-लाल गाठी पडायच्या. आमची शाळा तलमडुगूच्या पुढं, आडबाजूला आहे. तिथल्या बायकांच्या संडासाला दाराची कडी नाही. एका हातानं दार धरायचं, दुसऱ्या हातानं घडी बदलायची, आणि बाहेर चौथीची पोरं पाढे म्हणतायत. त्या संडासात उभी असताना मला स्वतःच्या शरीराची इतकी शिसारी यायची की दुपारचा डबा तसाच घरी परत जायचा.

एकदा स्टाफरूममधल्या खुर्चीची गादी खराब झाली. मी पाणी आणून पुसेपर्यंत हेडमास्तरांनी ती खुर्ची शिपायाकरवी व्हरांड्यात उन्हात ठेवली. तोंडातून शब्द काढला नाही. सगळ्या शाळेला दिसेल अशी ती खुर्ची दिवसभर तिथं होती. मला वाटलं, हा माणूस मला दोन शब्द बोलला असता तरी परवडलं असतं.

त्यात अंगाची आग. आमच्या आदिलाबादची थंडी सगळ्या तेलंगणात नाव काढलेली. जानेवारीत मास्तर लोक स्वेटर, मफलर घालून उन्हाला बसतात, आणि मी वर्गात घामानं निथळतेय. छातीतून एकदम वाफ उठायची, मान, कान, डोकं सगळं तापायचं, ब्लाऊज पाठीला चिकटायचा आणि पाच मिनिटांनी त्याच घामानं कुडकुडायला व्हायचं. एक सर रोज विचारायचे, "मॅडम, फॅन लावू का?" आणि बाकीचे मिशीत हसायचे. पोरांवर मी खेकसायला लागले होते. साधी बेरीज चुकली म्हणून एका मुलीची वही मी भिरकावली. संध्याकाळी तिचा चेहरा आठवून मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

आता बायकांचं ऐका. रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही बाया मागं थोडा वेळ बसतो. मी तिथं हलक्या आवाजात माझं रडगाणं सांगितलं. निम्म्या बायका एका सुरात म्हणाल्या, पिशवी काढून टाक. माझी तर कवाच काढली, म्हणाली एक. किडकी दाढ काढल्यासारखं सांगत होती. माझी चुलतसासू जवळ सरकली.

"आता काय लेकरं काढाची हायेत का तुले? काऊन सांभाळून राह्यली मंग ते पिशवी?"

बसलेल्या सगळ्या जणी हसल्या. मीही हसले. नवऱ्याला सांगितलं तर तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "सगळ्याच बाया काढतात की." जणू काही केस कापायचे होते.

आमच्या गावात एक आरएमपी, म्हणजे डिग्री नसलेला डॉक्टर आहे. मोटरसायकलवर फिरतो, दुखलं-खुपलं की सुई देतो. त्यानं माझ्या पोटाला हातही न लावता सांगितलं की पिशवीला सूज आहे, आजच्या आज आदिलाबादला जा, मी फोन करून ठेवतो. बायकांना तिथल्या एका खासगी दवाखान्यात पाठवायची त्याला इतकी घाई का असते, बाईमागं किती कमिशन मिळतं, हे गावातलं पोरगंही सांगेल. मलाही माहीत होतं. जावेला त्यानंच तिथं नेलं होतं, मला सोबत घेऊन. आणि तरी मी गेले. गाठी पाहून माझा धीर सुटला होता.

दवाखाना तोच, खुर्ची तीच, भिंतीवरचं गर्भाशयाचं रंगीत चित्रही तेच. डॉक्टरनं तिथंच काढलेल्या सोनोग्राफीचा कागद उजेडात धरला आणि माझ्याकडं न बघता तेलुगूत म्हणाला, "मुलं झाली ना? मग आता पिशवीचा उपयोग काय? उगाच ठेवली तर पुढं कॅन्सर होतो."

हे वाक्य मला पाठ होतं. आठ वर्षांपूर्वी त्यानं अगदी हेच म्हटलं होतं आणि मी ते अस्खलित मराठीत जावेला सांगितलं होतं. तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. तेच आता माझ्याबद्दल बोललं गेलं, तर कानात गरम तेल ओतल्यासारखं झालं. माझ्या पोटातल्या एका अवयवाचा हिशेब हा माणूस अर्ध्या मिनिटात मिटवत होता. त्यानं मला पुढच्या मंगळवारी उपाशीपोटी यायला सांगितलं. मी मान हलवली, कागद उचलला आणि बाहेर येऊन सरळ सरकारी दवाखान्याची ऑटो धरली.

तिथं लाइन लागली होती. दोन तास उभी राहिले. शेवटी बाई डॉक्टर भेटली, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल. तिनं आधी पाळीच्या तारखा विचारल्या. मला एकही धड सांगता येईना. पोरांची हजेरी मी चुकवत नाही, आणि स्वतःच्या तारखा मी कधी लिहिल्या नव्हत्या. तिनं तपासलं, रक्त घ्यायला लावलं, थायरॉइड बघायला सांगितलं. पंचेचाळिशीनंतर इतकं जास्त जात असेल तर पिशवीच्या अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो, म्हणाली, म्हणजे उगाच भीती नको आणि दुर्लक्षही नको.

मग तिनं समजावून सांगितलं. पाळी एका दिवसात जात नाही. जाण्याआधी काही वर्षं अशी खालीवर होते. अंडाशय एखाद्या महिन्यात काम करतात, एखाद्या महिन्यात नाही. त्यानं अंग तापतं, झोप उडते, जीव चिडचिडा होतो. हा रोग नाही, पण निमूट सोसायची गोष्टही नाही. मी सत्तेचाळीस वर्षांची बाई, विज्ञान शिकवते, बेडकाच्या पोटात काय काय असतं ते फळ्यावर काढते, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही कुठं शोधलं नव्हतं.

मी तिला विचारलं, "काढायची नसेल तर दुसरं काही औषध आहे का?"

"आहे ना," ती म्हणाली, आणि बोटांवर मोजायला लागली. रक्त कमी करायच्या गोळ्या आहेत, पाळीच्या दिवसांत घ्यायच्या. लोहाच्या गोळ्या. त्यानं नाही भागलं तर हार्मोनचं औषध, ते औषध सोडणारी, पिशवीत बसवायची तांबीसारखी वस्तूही मिळते. ऑपरेशन कधीच लागत नाही असं नाही, पण ते सगळ्यात शेवटी.

ती बोलत होती आणि माझं तिच्याकडं लक्ष नव्हतं. आठ वर्षांपूर्वी त्या खासगी दवाखान्यात जावेनं माझा पदर ओढला होता. "बाई, दुसरं काई औशद नाई का, इचारा ना त्यायले." मी विचारलं नव्हतं. शाळेच्या परीक्षेचे पेपर तपासायचे होते, तलमडुगूची बस सुटेल अशी धास्ती होती. पण खरं कारण ते नाही. असला प्रश्न विचारला तर डॉक्टर आम्हाला खेडवळ समजेल, याची मला लाज वाटली. आमच्या पिढ्या दुसऱ्यांच्या शेतात राबल्या, आणि मी चार बुकं शिकून डॉक्टरसमोर खुर्चीत बसले होते. त्या खुर्चीची मिजास मला तिच्या पोटापेक्षा जास्त वाटली. मी तिला म्हणाले, "तो डॉक्टर आहे, त्याला कळतं." तिनं कागदावर ओठ दाताखाली धरून आपलं नाव लिहिलं आणि खाली साक्षीला मी झोकदार सही केली.

हे मी बाई डॉक्टरला सगळं नाही सांगितलं. एवढंच म्हणाले, माझ्या जावेची चौतिसाव्या वर्षी काढली.

"आधी काय औषध दिलं होतं?"

"काहीच नाही."

"अंडाशय ठेवले की तेही काढले?"

मला माहीत नव्हतं. तिनं पेन खाली ठेवलं. दोन्ही काढले असतील तर त्या दिवसापासून तिच्या अंगात हार्मोन तयार होणंच थांबलं, म्हणाली. तुम्हाला जे आता हळूहळू होतंय ते तिला चौतिसाव्या वर्षी एकदम झालं असेल. हाडंही लवकर ठिसूळ होतात. तिला घेऊन या, अजून करण्यासारखं आहे.

घरातल्या सगळ्यांचे कागद माझ्याच कपाटात असतात. घरी येऊन मी जावेची फाईल काढली. इंग्रजीत स्वच्छ टाईप केलेलं होतं, दोन्ही अंडाशय काढले म्हणून. मला इंग्रजी येतं. आठ वर्षं तो कागद माझ्याजवळ होता आणि मी तो फक्त प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला होता. मोरीत जाऊन मी ओकले.

मग एकेक आठवत गेलं. ऑपरेशननंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ती फरशीवर नुसती पडायची, गोधडी फेकून द्यायची. सासू म्हणायची, नखरे. कापूस वेचायला गेली की तासाभरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसायची, गुडघे धरून. दीर सगळ्यांदेखत तिला आळशी म्हणायचा आणि ती खाली बघायची. मी काय केलं? मी तिला म्हणाले होते, "ऑपरेशनला इतके दिवस झाले, अजून काय तुझं?" शाळेतल्या त्या फॅनवाल्या सरांचा मला राग यायचा. त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय होता ते मला शोधूनही सापडलं नाही.

तरी मी तीन आठवडे तिला काही सांगितलं नाही. माझा तुकडा तपासून आला, त्यात काही वाईट निघालं नाही. गोळ्यांनी रक्त आवरलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखा लिहायला लागले, चहा कमी केला, सुती ब्लाऊज शिवून घेतले, सकाळी चालायला लागले. आग अजून होते, पण ती कशाची ते कळल्यामुळं जीव घाबरत नाही. वही भिरकावलेल्या मुलीला मी नवी वही दिली. मी बरी होत होते, आणि रोज सकाळी चालायला निघताना तिच्या दारावरून मान खाली घालून जात होते.

शेवटी एका सुट्टीच्या दुपारी गेले. आमची घरं एकाच अंगणात आहेत. ती दारात तूर पाखडत बसली होती, पाय पाण्याच्या घमेल्यात. भर थंडीत. पूर्वी हे पाहून मी नाक मुरडलं असतं.

"या ना बाई," ती म्हणाली. "काऊन उभ्या राह्यल्या?"

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. कागदात काय लिहिलंय ते. तिचं अंग का तापतं, गुडघे का दुखतात, ते. तिच्यात आळस नव्हता, हेही. आणि मग ते सांगितलं, की तू औषधाचं विचारायला लावलं होतंस ते मी विचारलंच नव्हतं.

तिचं सूप थांबलं.

"तुमी इचारलं नोतं?"

"नाही."

"मले वाटलं, तुमी इचारलं," ती म्हणाली. "मले वाटलं, त्यानंच नाई म्हटलं."

तिनं मला शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. तिनं तुरीतले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मी घाईघाईनं म्हणाले की उद्याच जाऊ, सरकारी दवाखान्यातली बाई फार चांगली आहे, मी तिला पहिल्यापासून सगळं नीट समजावून सांगते.

"येतो मी," ती म्हणाली. "पन आता मले बोलता येते तेलुगू. कापूस येचाले बाया येतेत ना तिकडच्या, त्यायच्यासंगं शिकली." तिनं पाय घमेल्यातून काढून पदरानं पुसले. "तुमी भायेर बसजा."