फेलिसानं ओतलेलं पाणी

तास्यो माझ्या बहिणीचा, फेलिसाचा नवरा. आमच्या बालायान गावात लेचोन, म्हणजे अख्खं डुक्कर निखाऱ्यांवर भाजणारे बरेच आहेत, पण लग्न असो की बारसं, लोक आधी तास्योच्या दारात येतात. त्याच्या हातच्या डुकराची कातडी दाताखाली काचेसारखी मोडते. चर खणायचा, निखारे पसरायचे आणि सकाळभर डुक्कर ओवलेला बांबू फिरवत उभं राहायचं, हे तो मिसरूड फुटल्यापासून करत आलाय. बसून भाजलेलं डुक्कर एका बाजूनं कच्चं राहतं, असं त्याचं म्हणणं.

त्याचं दुसरंही एक म्हणणं होतं. नारळाची दारू थोडी पोटात गेली की तो डाव्या पायाची विजार गुडघ्यापर्यंत वर ओढायचा. पोटरीवर निळ्या-जांभळ्या नसांचा गुंता, गांडुळं एकमेकांत अडकावीत तसा. मग फेलिसाकडे बोट करायचा.

"बघा रे, बायकोनं लग्नात काय आहेर दिला मला!"

माणसं खदाखदा हसायची. फेलिसा ताटल्या उचलून आत जायची.

गोष्ट अशी होती. लग्नानंतरचा पहिलाच सान हुवानचा सण. त्या दिवशी आमच्या गावात ज्याच्या हाती पाणी तो राजा. जो दिसेल त्याला भिजवायचं आणि कुणी रागवायचं नाही. फेलिसा तेव्हा एकोणीस वर्षांची. तास्यो चरापासून नुकता बाजूला झाला होता. तिनं मागून येऊन हसत हसत त्याच्या पायांवर बादली रिकामी केली. पुढच्या वर्षी त्याच्या पोटरीवर पहिली नस फुगली.

आता आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल की तापलेल्या अंगाला गार पाणी लागलं की पास्मा होतो, गारवा नसांत शिरतो आणि नसा वर येतात. इस्त्री करणाऱ्या बायका संध्याकाळी हात धूत नाहीत ते त्यासाठीच. मीही धूत नसे. त्यामुळे फेलिसानं नवऱ्याचा पाय बिघडवला यात कुणालाच शंका नव्हती, तिला स्वतःलाही नव्हती. त्यानंतर ती सान हुवानच्या दिवशी कधी रस्त्यावर आली नाही. तास्यो काम संपल्यावर पाय नुसते फडक्यानं पुसायचा आणि धुराच्या, चरबीच्या वासासकट अंथरुणात शिरायचा. ती त्याच अंथरुणात झोपायची.

पाय दुखायचा, संध्याकाळी सुजायचा. नसा बसवणारा म्हातारा हुगो दर आठवड्याला येऊन आल्याच्या तेलानं पोटरी रगडायचा. "गारवा हाडापर्यंत गेलाय, पोरा. घाई करून चालणार नाही." घोट्याच्या वरची कातडी काळपट, चकचकीत झाली, तिथं खाज सुटायला लागली. आरोग्य केंद्रातली नर्स सोलेदाद त्याला आमच्यासारखंच कुया, म्हणजे दादा म्हणायची. ती एकदा म्हणाली, "कुया, हे दाखवा कुणाला तरी." तास्यो म्हणाला, "नसांचं दुखणं बायकांचं असतं, सिस्टर. माझा पास्मा आहे."

गेल्या वर्षी सान हुवानच्या सकाळी अंगणात तीन डुकरं चरावर होती. ती भाजून झाली की मिरवणुकीत जायची होती, त्यांना चढवायचे कागदी मुकुट आणि पाणी लागू नये म्हणून गुंडाळायचं प्लास्टिक तयार होतं. बाहेर वाजंत्री सुरू झाली होती, पोरं बादल्या भरत होती. मी डुकरांच्या पोटात भरून उरलेला चिंचेचा पाला आणि गवती चहा झाडून काढत होते. जमीन आधीच ओली होती, पहाटे डुकरं कापल्याचं रक्त-पाणी नीट वाहून गेलं नव्हतं. म्हणून मला लवकर कळलं नाही.

तास्यो बांबू सोडून मिठाच्या भांड्याकडे गेला आणि परत आला. त्याच्या डाव्या सपातेचा ठसा प्रत्येक पावलाला उमटत होता. लालभडक. पहाटेचं रक्त एव्हाना काळं पडलं होतं.

"कुया, तुझा पाय!"

त्यानं खाली पाहिलं. "डुकराचं असेल गं."

मी विजार वर केली. घोट्याच्या वर, जिथं तो खाजवायचा तिथं, टाचणीएवढं भोक होतं आणि त्यातून रक्ताची बारीक धार उडत होती. दुखत काहीच नव्हतं त्याला. तो त्या धारेकडे दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसा बघत राहिला.

मग जो तो धावला. बांबू फिरवायला असलेला नादो ओरडला, "खुर्ची आणा, बसवा त्याला!" खुर्चीवर बसवलं. कुणी कॉफीची पूड आणून चेपली, ती रक्तानं वाहून गेली. नादोनं आपला पट्टा काढून गुडघ्याच्या वर करकचून आवळला. आम्हाला वाटलं, आता थांबेल. पाय निळा झाला आणि धार जास्तच जोरात उडाली.

"आणखी आवळ!"

"आवळलाय रे! काय करू, पाय तोडू?"

फेलिसा आतून आली ती हातात पाण्याची बादली आणि स्वच्छ फडकं घेऊनच. जखम धुवायची म्हणून ती खाली बसली. तास्योचा चेहरा पांढराफटक पडला होता, ओठ सुकले होते, तरी तो किंचाळला, "पाणी नको! ए, हिला लांब करा! एकदा मारलंस ते पुरे नाही झालं?"

फेलिसाच्या हातून बादली सुटली.

मी पळत सुटले. आरोग्य केंद्र चर्चच्या मागे, तसं जवळच, पण मधला सगळा रस्ता मिरवणुकीनं भरलेला. दोन्हीकडून पाण्याचे फवारे. मी ओरडत होते की माणूस मरतोय, आणि लोक हसून माझ्या तोंडावर पाणी मारत होते, सणाचं सोंग वाटलं त्यांना. एका बाईनं तर माझा हात धरून मला नाचायला ओढलं. तिला ढकलून मी पुढे गेले. गाडी या गर्दीतून निघणं शक्यच नव्हतं. सोलेदाद नखशिखांत भिजत, पिशवी डोक्यावर धरून माझ्यामागे धावत आली.

आम्ही पोचलो तेव्हा तास्योची मान एका बाजूला कलली होती.

"याला बसवलंय कुणी?" सोलेदाद ओरडली. "आडवा करा! आधी आडवा करा!"

अंगणात मोकळी जागा एकच होती, केळीची पानं अंथरलेलं लांब टेबल. भाजलेलं डुक्कर ठेवायचं. त्याच्यावर तास्योला निजवलं. सोलेदादनं पट्टा झटक्यात सोडला.

"सिस्टर, पट्टा काढला तर सगळं रक्त जाईल की!" नादो म्हणाला.

"पट्ट्यानंच जातंय. रक्त वर परतायचं, ते तू वरून अडवून धरलंस. पाय धर याचा. उंच. तुझ्या खांद्यावर घे."

तिनं कापडाची घडी भोकावर ठेवली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. दाबूनच उभी राहिली. तिकडे चरावर एका डुकराची पाठ करपायला लागली होती, वास येत होता, पण बांबूला हात लावायचं कुणाला सुचलं नाही. फेलिसा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. नवऱ्याला शिवावं की शिवू नये, हे तिला कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं सोलेदादनं अंगठे उचलले. रक्त थांबलं होतं. नुसत्या दाबण्यानं. तास्यो डोळे उघडून पुटपुटला, "डुक्कर जळतंय रे गाढवांनो."

मिरवणूक पांगल्यावर त्याला बातांगासच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त चढवलं. दोन दिवसांनी नसांच्या डॉक्टरीणबाई, विल्यालूज त्यांचं नाव, यंत्र घेऊन आल्या. पोटरीवर चिकट गार मलम लावून त्यांनी पडद्यावर आतल्या नसा दाखवल्या. गार मलम लागताच तास्योनं पाय आखडला.

"आईला होतं का असं? वडलांना?" बाईंनी विचारलं.

"आईला होतं. लोकांचे कपडे इस्त्री करायची ती. तिलाही पास्माच."

"आजीला?"

त्याच्या आजीच्या पायाला कायम पट्टी असायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

बाई म्हणाल्या, "पायातलं रक्त वर चढतं, आणि मागे घसरू नये म्हणून नसांत झडपा असतात. तुमच्या घरात त्या झडपा जन्मजात कच्च्या. त्यात तुम्ही एका जागी तासन् तास उभे. रक्त खाली साचतं, नस फुगते, कातडी पातळ होते आणि एक दिवस फुटते. बायकांना हे जास्त होतं, पण पुरुषांनाही होतंच."

"आणि पाणी?" तास्यो म्हणाला. "तापलेल्या पायावर पडलेलं पाणी?"

"त्याचा काही संबंध नाही. पाय रोज धुवा. जखमेजवळची कातडी स्वच्छ हवी."

फेलिसा भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली. "डॉक्टर, परत एकदा सांगा."

"काय?"

"पाण्याचं."

"पाण्यानं हे होत नाही."

"बादलीभर असलं तरी?"

डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा तास्योकडे पाहिलं. "समुद्रात उभं केलं असतं तरी नाही."

फेलिसानं मान हलवली आणि ती खोलीबाहेर गेली. मी मागोमाग गेले. जिन्याच्या पायरीवर ती बसली होती. रडत नव्हती. म्हणाली, "ओदेत, मी त्याच्या पायाकडे बघून जेवले नाहीये गं कित्येकदा."

बाईंनी उपाय सांगितला होता. पाय बधिर करायचा, नसेत बारीक तार घालून ती आतून गरम करून बंद करायची, माणूस चालत घरी जातो. तास्यो ऐकायलाच तयार नव्हता. "नसच बंद केली तर रक्त जायचं कुठून? पाय काठीसारखा वाळेल." बाई म्हणाल्या की बिघडलेली नस तशीही काम करत नाहीये, आत खोल दुसऱ्या मोठ्या नसा आहेत, त्याच सगळं वाहून नेतात. तो म्हणाला, "विचार करतो." घरी आल्यावर त्यानं हुगोला निरोप पाठवला.

हुगो तेलाची बाटली घेऊन आला तेव्हा फेलिसा दारात पिशवी भरत होती.

"कुठे निघालीस?" तास्योनं विचारलं.

"कालातागानला. आतेकडे." आते म्हणजे आमची सगळ्यांत थोरली बहीण.

"माझा पाय असा असताना?"

"तुझा पाय माझ्यामुळे बिघडला नाही, तास्यो. मग माझ्यामुळे बरा कसा होईल?"

ती गेली. हुगोनं पोटरीला हात लावायच्या आधीच मी त्याला सांगितलं, "म्हातारबा, ही नस पुन्हा फुटली तर तुमच्या हातात फुटेल." म्हाताऱ्यानं बाटलीचं बूच बंद केलं आणि चहा न पिताच उठला.

ते दिवस वाईट गेले. मी डबा घेऊन जायचे तर तास्यो पाय उशांवर चढवून पट्टीकडे टक लावून बसलेला असायचा. पट्टीवर डाग दिसला की हाक मारायचा, "ओदेत, हे रक्त आहे का?" बहुतेक वेळा आमटीचा शिंतोडा असायचा. झोप उडाली होती त्याची. शेवटी एका सकाळी म्हणाला, "तिला फोन लाव."

"तुझा तू लाव."

त्यानं लावला. मी शेजारीच होते. तिकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"फेलिसा, चुकलं माझं. ये आता."

ती म्हणाली, "मला कशाला सांगतोस? मला तर डॉक्टरांनीच सांगितलंय. ज्यांना सांगत आलास त्यांना सांग."

फोन बंद.

शनिवारी नादोच्या अंगणात माणसं बसतात. तास्यो काठी टेकत गेला. मी कुंपणापाशी उभी होते, खोटं कशाला सांगू, मुद्दामच. त्यानं पेला हातात घेतला. मग घसा खाकरून म्हणाला, "ते पाण्याचं... तसं काही नव्हतं. आमच्या आईकडूनच आलंय हे."

"हां हां," कुणीतरी म्हणालं, "बायकोनं घर सोडलं की पाणी गोड लागतं!"

सगळे हसले. तास्यो उठला. काठी आपटली त्यानं, आवाज फाटला. "हसू नका! वीस वर्षं मी तुम्हाला तिच्यावर हसवलं. बादलीभर पाणी होतं ते. पोरगी होती ती. खेळत होती."

नादो बाटलीशी चाळा करत राहिला. मग त्यानं हळूच आपली विजार वर केली आणि म्हणाला, "तास्यो, हे बघ रे जरा. तुझ्यासारखंच आहे का?"

मी हे सगळं फेलिसाला कळवलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "डॉक्टरची तारीख घेतलीय का त्यानं?" तारीख घेतल्यावरच ती आली.

तार घालताना तास्यो जागा होता. दात-ओठ आवळून छताकडे बघत होता म्हणे, आम्ही बाहेर होतो. तासाभरानं तो घट्ट मोजा चढवून स्वतःच्या पायांनी दार ढकलून आला. "झालं?" फेलिसानं विचारलं. "झालं म्हणतात," तो म्हणाला. "चालायला सांगितलंय. झोपून राहू नको म्हणे." दवाखान्याच्या आवारात दोघं गोल गोल चालली. पुढे-मागे, शेजारी नाही.

जखम भरायला पावसाळा संपावा लागला. बाईंनी आधीच सांगितलंय की कच्च्या झडपा घराण्यातल्या आहेत, दुसरी एखादी नस पुन्हा फुगू शकते, तेव्हा दाखवायला यायचं. निखाऱ्यांपाशी तो मोजा नकोसा होतो, तास्यो शिव्या घालतो, पण चढवतो. स्टुलावर बसतो, उठतो, फेऱ्या मारतो. डुक्कर एका बाजूनं कच्चं राहिल्याची तक्रार अजून आलेली नाही.

फेलिसा आता दर महिन्याला चार-सहा दिवस कालातागानला जाते. विचारत नाही, नुसतं सांगते. तास्यो तेव्हा स्वतः भात लावतो आणि रोज खाली लागू देतो.